तीन बोटं

१८ सप्टेंबर २०२५ ला राज्यातल्या ॲलोपॅथी डॉक्टरांनी एक दिवसाचा बंद पुकारला, त्या सकाळी मी मामाजींना घेऊन नागपूरच्या धंतोलीत उभा होतो. तारीख नेमकी त्याच दिवसाची मिळाली होती. ओपीडीला कुलूप, दारावर कागद. भांडण कशाचं ते एव्हाना सगळ्यांना ठाऊक होतं. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, म्हणजे सीसीएमपी, पूर्ण केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी करायची की नाही, हा प्रश्न होता. मामाजी दमले होते म्हणून आम्ही समोरच्या पानठेल्याच्या बाकावर टेकलो. तिथेही तोच विषय. एक पोरगा म्हणत होता, हे ॲलोपॅथीवाले नुसते लुटतात, रोग दाबतात. मुळापासून बरं करते ते आपलं आयुर्वेद. दुसरा म्हणत होता, उद्या झोलाछापांच्या हाती पेशंट देतील, मरतील लोक. दोघांच्याही आवाजात कळकळ होती. दोघांच्याही हातात पन्नी होती आणि बोलता बोलता खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं मिश्रण, घोटणं चालू होतं. मामाजी त्यांच्याकडे बघत होते. त्यांना काही बोलायचं असावं, पण त्यांचं तोंड आता एका बोटापुरतंच उघडतं.

त्या दिवसापासून हा वाद मला ऐकवत नाही. तो चुकीच्या जागी तोडला आहे. एका बाजूला 'पाश्चात्य' औषधं, सुया, शस्त्रक्रिया. दुसऱ्या बाजूला आहार, दिनचर्या, योग, निसर्ग आणि प्रतिबंध. जणू रोग झाल्यावर धावणारी एक विद्या आणि रोग होऊच न देणारी दुसरी. ही वाटणी खोटी आहे, असं माझं म्हणणं आहे. उपचार कुठल्याही परंपरेतून येवो, त्याला परीक्षा एकच हवी. ज्यांना तो दिला आणि ज्यांना दिला नाही त्यांच्यात फरक पडला का, किती पडला, अपाय किती झाला. आणि रोग टाळणं ही कुठल्याच पॅथीची जहागीर नाही. त्याचा फार थोडा भाग घरच्या काढ्यात आहे. मोठा भाग पाणी, नाली, रस्ता, धान्य आणि कायदा यांच्यात आहे.

आधी नावांचं बघू, कारण अर्धा गोंधळ नावांनीच केला आहे. 'ॲलोपॅथी' हे नाव आधुनिक वैद्यकाने स्वतःला दिलेलं नाही. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते विरोधकांना चिकटवलं. तेव्हाचे ते विरोधक शिरा कापून रक्त काढत, पारा पाजत. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन १७९९ मध्ये घशाच्या आजाराने गेले, तेव्हा शेवटच्या काही तासांत डॉक्टरांनी त्यांच्या अंगातून भरमसाठ रक्त काढलं होतं. हानेमान यांचा राग रास्त होता. पण रक्त काढण्याची ती रीत उखडली कशी? पॅरिसच्या पिएर लुई या डॉक्टरने १८३० च्या दशकात न्यूमोनियाचे रुग्ण मोजले, कुणाचं रक्त केव्हा काढलं, किती जगले, किती मेले याचा हिशेब मांडला, आणि दोन हजार वर्षं चालत आलेल्या उपचाराचा म्हणावा तसा उपयोग दिसेना. आपल्याच गुरूंचं म्हणणं मोजून तपासायचं आणि खोटं ठरलं तर टाकून द्यायचं, ही सवय आधुनिक वैद्यकाचा प्राण आहे. म्हणून आयुर्वेदाच्या आणि होमिओपॅथीच्या अभिमान्यांना मी एकच प्रश्न विचारतो: गेल्या शंभर वर्षांत तुम्ही आपली कोणती औषधं तपासून, निरुपयोगी ठरवून, पाठ्यपुस्तकातून काढून टाकलीत? ज्या शास्त्रात काहीच चुकीचं निघत नाही, तिथे कुणी शोधत तरी असेल का?

आणि 'पाश्चात्य' म्हणजे तरी काय? १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर गेलेला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या माणसांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक कापलं. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं. १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात त्याचं चित्र छापून आलं, आणि पुढे १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यूने लंडनमध्ये ती शस्त्रक्रिया केली. आजचे प्लास्टिक सर्जनही कपाळाच्या कातडीचा हा मार्ग वापरतात. ही विद्या कुणाची? सुश्रुताची, त्या अनाम कारागिराची, की लंडनची? किंवा सर्पगंधा घ्या. वैद्य ती वेडावर आणि झोपेसाठी पिढ्यान् पिढ्या देत आले. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं, की तिने रक्तदाब उतरतो. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांच्या नीट नोंदी ठेवून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापला, आणि १९५२ मध्ये तिच्यातलं रेसर्पिन वेगळं निघालं. काही वर्षं ते रक्तदाबावर जगभर चाललं. मग त्याने काही रुग्णांना उदासी येते असं दिसलं, त्याहून बरी औषधं आली, ते मागे पडलं. जडीबुटीला दार बंद असतं तर सर्पगंधा आत आलीच नसती, आणि ती देव्हाऱ्यात ठेवली असती तर तिचा दोष कुणाला दिसला नसता.

मात्र 'पाश्चात्य' या शब्दामागे जी अढी आहे ती हवेतून आलेली नाही, हे मान्य केलं पाहिजे. १८९७ चा पुण्यातला प्लेग आठवा. सोजिरांनी घरात शिरून, बायाबापड्यांना रस्त्यावर काढून केलेली तपासणी, रँडचा जाच, आणि २२ जूनचा तो गोळीबार. नवं वैद्यक आपल्या लोकांना पहिल्यांदा भेटलं ते अनेकदा असं, बूट घालून. पण त्याच वर्षी, त्याच पुण्यात, त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी एका दलित मुलाला पाठीवर घेऊन डॉक्टर झालेल्या आपल्या यशवंताच्या दवाखान्यात नेलं, आणि त्या संसर्गानेच १० मार्चला त्या गेल्या. यशवंतराव जी विद्या शिकले होते तीच रँडच्या डॉक्टरांची विद्या होती. जुलूम विद्येत नव्हता, ती कुणाच्या हातात होती आणि समोरच्या माणसाला ती माणूस समजत होती का, यात होता. आजही आपला राग तपासायचा असेल तर हाच फरक करावा लागेल.

कारण राग खरा आहे, आणि नागपूरकराला तो समजावून सांगायची गरज नाही. रामदासपेठ आणि धंतोलीत मध्य भारतातून पेशंट येतात. गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याकडचं शेत विकून आलेली माणसं तिथल्या मेडिकल स्टोअरसमोर नोटा मोजताना मी पाहिली आहेत. हृदयाच्या स्टेंटवर किती नफा काढला जात होता? सरकारच्या किंमत नियंत्रण यंत्रणेनेच तो काही ठिकाणी ६५४ टक्क्यांपर्यंत असल्याचं दाखवलं, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. एका रात्रीत लाखाची वस्तू तीस हजारांवर आली, म्हणजे आदल्या दिवसापर्यंत काय चाललं होतं? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सरकारी दवाखान्यांत सिझेरियनचं प्रमाण १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के निघालं. खासगीत जाणाऱ्या बायांचं शरीर वेगळं असतं का? आणि पैशाच्या पलीकडेही काही आहे. माझ्या आईला साखर, रक्तदाब, गुडघे आणि थायरॉईड अशा चार तक्रारी. चार डॉक्टर, चार फाइली, अकरा गोळ्या. चौघांपैकी एकानेही बाकी तिघांची चिठ्ठी पूर्ण वाचली नाही. ती एका वैद्यांकडे गेली तर त्यांनी पाऊण तास बसवलं, झोप कशी लागते, मुलं कुठे असतात, रात्री काय जेवता हे विचारलं. घरी येऊन ती म्हणाली, "आज कोणीतरी ऐकलं." याला मी भावनिक म्हणून बाजूला सारणार नाही. ऐकून घेणं हा उपचाराचा अर्धा भाग आहे, आणि आधुनिक दवाखान्याने तो गमावला आहे.

पण यातून निष्कर्ष कोणता निघतो? दवाखाना सुधारा, हा. काढा लागू पडतो, हा नाही. महावितरणचं बिल चुकीचं आलं म्हणून वीज खोटी ठरत नाही. लुटणाऱ्या डॉक्टरविरुद्धचा पुरावा हा त्याच्या लुटीचा पुरावा आहे, समोरच्या चूर्णाच्या गुणाचा नाही. आपल्या वादात हे दोन सतत एकमेकांत मिसळले जातात, आणि मिसळण्यात ज्यांचा फायदा आहे ते तसं मुद्दाम करतात. चूर्णाचा धंदा काही लहान नाही.

'साइड इफेक्ट नाहीत' हे त्या धंद्याचं सगळ्यात खपणारं वाक्य. जे शरीरात काही करतं, ते नको असलेलंही काही करू शकतं. ज्याला कधीच कुठला अपाय नाही, त्याचा उपाय तरी कसला असणार? अमेरिकेत बॉस्टनमधल्या भारतीय दुकानांतून विकत घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं, असं २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या चिनी वनस्पतींनी १९९० च्या दशकात बायकांची मूत्रपिंडं निकामी केली. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला तंबू ठोकून बसलेल्या 'खानदानी' दवाखान्यांच्या पुड्यांनी दमा आणि सांधेदुखी तीन दिवसांत थांबते तेव्हा त्यात बरेचदा कुटलेलं स्टेरॉइड असतं. म्हणजे ज्या रसायनाला घाबरून माणूस तंबूत गेला, तेच त्याला तिथे मिळतं, किती मात्रेत ते न सांगता.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तो पानठेल्यावर कुणी मांडत नाही, पण मांडायला हवा. माणसाचं आयुष्य वाढलं ते गोळ्यांनी नाहीच, असं सांगणारे अभ्यासक आहेत. थॉमस मॅककिओन यांनी दाखवलं की इंग्लंडमध्ये क्षयाचे मृत्यू एकोणिसाव्या शतकापासून घसरत होते. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं पहिलं खरं औषध १९४० च्या दशकात आलं, तोवर घसरणीचा मोठा भाग होऊन गेला होता. पोट भरायला लागलं, घरं मोकळी झाली, पाणी स्वच्छ झालं. मग चरकाने तरी वेगळं काय सांगितलं? निरोग्याचं आरोग्य राखणं हे प्रयोजन त्याने आधी ठेवलं, आजाऱ्याचा रोग शमवणं नंतर. हा क्रम मला मनापासून पटतो. आयुर्वेदाकडून एकच गोष्ट घ्यायची असेल तर मी हीच घेईन.

पण पुढचा प्रश्न विचारा: ते पाणी स्वच्छ केलं कुणी? १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीचे मृत्यू नकाशावर टिपत पंपापर्यंत पोचलेला जॉन स्नो हा डॉक्टर होता. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या बाळंतिणी वाचवण्यासाठी सहकाऱ्यांना हात धुवायला लावणारा आणि त्यापायी हेटाळणी सोसणारा सेमेलवाइस डॉक्टर होता. देवीची लस जेन्नरने १७९६ मध्ये टोचली, १८०२ मध्ये ती मुंबईत आली, आणि १९७५ मध्ये भारतात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला. याहून मोठा प्रतिबंध माणसाने आजवर केलेला नाही. शीतळादेवीला दहीभात आपण शेकडो वर्षं दाखवत होतोच. १९७१ च्या निर्वासितांच्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपातून वाटलं, आणि पटकीचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. मीठ-साखरेचं पाणी! याहून घरगुती काय असेल? पण ते कोणत्या प्रमाणात द्यायचं आणि का चालतं, हे आतड्याच्या पेशीत साखरेच्या सोबतीने मीठ कसं शोषलं जातं याच्या अभ्यासातून कळलं. ओआरएसची ती पुडी कुणाच्या खात्यात टाकणार?

आणि अन्नाचं म्हणाल तर, अन्न हे औषध आहे हे आपण नुसतं म्हणत राहिलो. ते तपासून दाखवलं झारखंडमध्ये. क्षयरुग्णांच्या घरच्यांना तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वं दिली, तर त्यांच्यात क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. २०२३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना 'समग्र' आरोग्य हवं आहे त्यांनी या डाळ-तांदळासाठी रस्त्यावर उतरायला हवं होतं. विदर्भातल्या गरीब क्षयरुग्णाच्या घरी सहा महिने पुरेसं धान्य पोचावं, अशी मागणी घेऊन निघालेला मोर्चा मी अजून सीताबर्डीवर पाहिलेला नाही.

नागपूरपासून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर सेवाग्राम आहे, आणि या वादात गांधीजींचं नाव निसर्गोपचारवाले नेहमी घेतात. घ्यावं. १९०९ मध्येच त्यांनी डॉक्टर आणि दवाखान्यांवर कडक टीका केली. १९४६ मध्ये उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम काढला. सेवाग्रामात कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींची मालिश स्वतःच्या हाताने केली. पण १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात अपेंडिक्स भडकलं, तेव्हा पुण्याच्या ससूनमध्ये इंग्रज सर्जन कर्नल मॅडॉक यांच्या हातून त्यांनी पोट कापून घेतलं, म्हणून पुढची चोवीस वर्षं देशाला गांधी मिळाले. आणि १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या घटका मोजत होत्या, तेव्हा मुलगा देवदासने मागवलेल्या पेनिसिलिनच्या सुया टोचू देण्यास गांधीजींनी नकार दिला. त्या वाचल्या असत्या असं कुणी सांगू शकत नाही. दुखणं फार पुढे गेलं होतं. पण श्रद्धेची किंमत नेहमी श्रद्धावानच मोजत नाही, घरातलं दुसरंही कुणी मोजतं. त्यांच्याच सहवासातल्या डॉ. सुशीला नायर यांनी पुढे काय केलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. १९६९ मध्ये त्यांनी सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढलं. पूर्ण आधुनिक, पण खेड्यात. विद्यार्थ्यांनी गावात राहायचं, खादी घालायची, आणि गावकऱ्यांनी सुगीला ज्वारी जमा करून तिथल्या दवाखान्याचं संरक्षण मिळवायचं, असाही प्रयोग तिथे झाला. गांधींची चौकट आणि आधुनिक औषध एका छपराखाली नांदू शकतं, याचा पुरावा आपल्या दाराशी आहे.

परंपरेत ज्ञान नाही असं मी म्हणत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा नागपूरची बाई डोक्याला दुपट्टा गुंडाळूनच निघते, घरोघरी कैरीचं पन्हं होतं, माठाला वाळ्याचा सुगंध असतो. हे शहाणपण आहे, आणि कुठल्याही उष्माघात प्रतिबंध आराखड्यात ते तसंच्या तसं बसतं. पण शरीराचं तापमान ४० अंशांवर जाऊन माणूस बरळायला लागला, की खिशातला कांदा काही करत नाही. त्याला मिनिटांच्या हिशेबात बर्फ, गार पाणी, वारा आणि इस्पितळ लागतं. शहाणपण कुठे संपतं ते ओळखणं हाही शहाणपणाचाच भाग. योगाचंही तसंच. हृदयविकाराचा झटका आलेल्या ३,९५९ भारतीय रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाचा मोठा अभ्यास झाला. पुढचे झटके किंवा मृत्यू त्याने लक्षणीय कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही, पण माणसं आपल्या रोजच्या कामाला चांगल्या रीतीने परतली, त्यांना बरं वाटलं. मला हा निकाल आवडतो. तो योगाला जितकं देणं आहे तितकं देतो. होमिओपॅथीबद्दल असं म्हणता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास चाळून, ती खात्रीने लागू पडते असा एकही आजार सापडत नाही, असं नोंदवलं. आमच्या घरात तीन पिढ्या साबुदाण्याच्या गोळ्या खाल्ल्या आहेत आणि ते देणारे डॉक्टर देवमाणूस होते. तरीही.

आणि विदर्भात काही आजार असे आहेत की तिथे हा वाद घालायला तोंडच उरत नाही. सिकलसेल घ्या. आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या वस्त्यांमध्ये मुलं हाडं ठणकून रात्र रात्र रडतात. रक्तपेशीतला तो दोष जनुकातला आहे. कुठलाही आहार, कुठलंही आसन तो बदलू शकत नाही. हायड्रॉक्सियुरियाने वेदनेचे झटके कमी होतात. पण सगळ्यात मोठं काम औषधाच्या आधीचं आहे. आई-बाप दोघे वाहक असले तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक धोका. म्हणून लग्नाआधी रक्ततपासणी, बाळाची जन्मतः तपासणी. २०२३ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय अभियान याच तपासणीवर उभं आहे. हा प्रतिबंध सूक्ष्मदर्शकाखाली होतो आणि त्याला पोटातलं प्रेमही लागतं, कारण 'वाहक' शब्द ऐकून मोडलेली सोयरीक सांभाळायला समुपदेशन करणारी बाई लागते. कुष्ठरोगाचंही हेच झालं. बाबा आमटे यांनी वरोऱ्याला रोग्यांच्या हातात कुदळ दिली, माणूसपण दिलं. 'समग्र उपचार' हा शब्द कुठे शोभत असेल तर तिथे. पण जंतू मेला तो १९८० च्या दशकात आलेल्या बहुविध औषधोपचाराने. कुदळीशिवाय गोळ्यांनी रोगी बरा झाला असता आणि घराबाहेरच राहिला असता. गोळ्यांशिवाय कुदळीने त्याला मान मिळाला असता आणि बोटं झडतच राहिली असती. मग यातलं एक निवडा म्हणणाऱ्याला काय म्हणायचं?

आता बंद पुकारणाऱ्या डॉक्टरांशी. तुमचा मूळ मुद्दा मला मान्य आहे. एक वर्षाच्या अभ्यासक्रमावर सगळ्या आधुनिक औषधांची वही उघडी करून देणं रुग्णाच्या हिताचं नाही. अँटिबायोटिक्सचा आधीच जो खेळखंडोबा चालला आहे तो आणखी वाढेल. ही परवानगी देणाऱ्या २०१४ च्या कायद्यातच ही चूक रुजली. पण तुम्ही गडचिरोलीतल्या दुर्गम भामरागडला जायला तयार नाही, हेही तितकंच खरं. सरकार म्हणतं, कुणीच नसण्यापेक्षा कुणीतरी बरं. या दोघांनाही उत्तर गडचिरोलीतूनच मिळालेलं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९९० च्या दशकात ३९ गावांतल्या जेमतेम शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी, वजन, ऊब आणि जंतुसंसर्ग ओळखून ठरलेल्या मात्रेत जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं शिकवलं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि तो हिशेब १९९९ मध्ये लॅन्सेटने छापला. तिथे पदवीचा प्रश्नच नव्हता. काम नेमकं, मर्यादा आखलेली, शिकवणी कसून, वर देखरेख, आणि दर मृत्यूची नोंद. सीसीएमपीत काय आहे? काम अमर्याद, आणि मोजणी कुणाची कुणाला नाही. होमिओपॅथ डॉक्टरांना मुख्य आरोग्यसेवेत आणायचंच असेल तर या वाटेने आणा. त्यांनाही मान राहील, रुग्णही वाचेल.

आणि डॉक्टरांनो, प्रतिबंध बाबा-महाराजांच्या हाती गेला तो तुम्ही सोडून दिला म्हणून. मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक, हा विषय पोरं पास होण्यापुरता वाचतात; पदव्युत्तरला त्याची जागा घेतो तो बहुतेक दुसरं काही न मिळालेला. मधुमेहाचं बघा. जीवनशैली बदलून तो टाळता येतो हे कुणा योगगुरूने नव्हे, तुमच्याच शास्त्राने सिद्ध केलं. अमेरिकेत २००२ मध्ये आहार-व्यायामाने धोका ५८ टक्के उतरला, मेटफॉर्मिन या गोळीने ३१ टक्के. आपल्या चेन्नईच्या अभ्यासातही २००६ मध्ये चालणं-खाणं आणि गोळी जवळपास बरोबरीची निघाली. देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. तरी दवाखान्यात हे सगळं तीन शब्दांत संपतं: "रोज वॉक करा." कुठे करावा? सिमेंटचा रस्ता, फूटपाथवर गाड्या आणि दुकानाची पायरी, मे महिन्यात सकाळी सातलाच चटका. अंबाझरी आणि फुटाळ्याच्या काठी गाडीने जाऊन फिरणाऱ्यांचं ठीक आहे. पारडीच्या, यशोधरानगरच्या बाईने कुठे चालायचं? तिच्या साखरेचं औषध महानगरपालिकेच्या बांधकाम विभागात आहे. गाडगेबाबा कीर्तनाआधी गाव झाडत, ते उगाच नाही.

मामाजींचं सांगून थांबतो. तीस वर्षं खर्रा. पाच वर्षांपूर्वी तोंडात तिखट झोंबायला लागलं तेव्हा ते एका एमबीबीएस डॉक्टरकडे गेले. त्याने तोंड उघडून न पाहताच बी कॉम्प्लेक्स आणि अँटिबायोटिक दिलं. मग एका वैद्यांकडे. त्यांनी उष्णता सांगितली, चूर्ण आणि गुळण्या दिल्या, आठ महिने. दाढ भरून देणाऱ्याने दाढ भरून दिली. तिघे तीन प्रकारचे, आणि तिघांपैकी एकानेही पांढरे पडलेले गाल पाहून खर्ऱ्याचं नाव काढलं नाही. सुपारीने तोंडाच्या आतली कातडी दोरीसारखी आवळते, हे दंतवैद्यकाच्या पोराला पहिल्या काही वर्षांत शिकवतात. तपासणीला यंत्र लागत नाही: स्वतःची तीन बोटं उभी करून दातांमध्ये बसतात का ते बघायचं. शेवटी तुकडोजी चौकातल्या कॅन्सर हॉस्पिटलात गाठीचं निदान झालं, तेव्हा मामाजी म्हणाले, "इतके वर्स कोनी तोंड पाह्यलंच नाही माह्यं." राज्यात २०१२ पासून गुटखा बंद आहे. पानठेल्यावर समोर घोटून दिलेला खर्रा कुठल्याच पाकिटात नसतो, म्हणून तो चालूच आहे, शाळांच्या कोपऱ्यावरसुद्धा. त्यावर बंद कुणी पुकारला नाही, ना या पॅथीने ना त्या.

त्या सकाळी बाकावरून उठताना मामाजींनी त्या आयुर्वेदवाल्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला. आपली तीन बोटं उभी करून दाखवली आणि त्याच्या तोंडाकडे खूण केली. तो हसला, मग त्याने घालून पाहिली. दोन गेली. तिसरं अडलं. त्याने पुन्हा जोर लावला. मित्र गप्प झाला होता. मग पोराने रस्त्यापलीकडच्या त्या बंद दाराकडे पाहिलं आणि मला विचारलं, "उद्या किती वाजता उघडते हा दवाखाना, काकाजी?"